फिनाले मॅच रायफल: छर्रा चांगलाच, पण लॉट बघून घ्या

एच अँड एनचा हा 0.53 ग्रॅमचा जर्मन छर्रा 10 मीटर एअर रायफलसाठी 4.49, 4.50 आणि 4.51 मिमी अशा मापांत येतो. माप छर्र्याच्या पुढच्या डोक्याचं. नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानात नुसतं ‘फिनाले मॅच द्या भाऊ’ म्हटलं तर हाताला लागेल तो डबा पुढे येईल. स्टिकरवरचं माप आणि लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या छर्र्यांचा, नंबर दोन्ही वाचा. डोकं बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांत सैल राहिलं तर छर्रा किंचित तिरपा निघतो, फार घट्ट झालं तर वेग पडतो. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळं माप मानवू शकतं.

लॉट तपासताना रायफल शिकंज्यात अॅक्शनपाशी (बॅरल जिच्यात बसते त्या यंत्रणेपाशी) धरा, बॅरल आवळू नका. हातात धरून मारलं तर छर्रा नाही, नेमबाज तपासला जातो. आधी दोन-तीन फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या, सफाईच्या) गोळ्या मारून बॅरल पुसा. त्यानंतरचे 10-15 छर्रे हिशेबात धरू नका, शिशाचा थर बसेपर्यंत ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) भटकतो. माप बदललं की पुन्हा पाचेक वाया जाऊ द्या. मग 10-10 छर्र्यांचे दोन ग्रुप. पाचाचा ग्रुप खुशामत करतो! छर्राच 4.5 मिमीचा, तेव्हा ग्रुपच्या एकत्र भोकाची बाहेरून रुंदी 5.5 मिमीच्या आत आली तर त्या लॉटचे जमतील तेवढे डबे उचला. 7 दिसली तर तो डबा सरावाला.

वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास असताना 2 मीटरचा फरक पडला, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 0.4 मिमी वर-खाली लागतो. दशांशात गुण मोजताना 0.1 गुणाचा टप्पा 0.25 मिमीचा, म्हणजे 10.5चा 10.3 व्हायला एवढं पुरतं. ज्यांचे शॉट अजून आठच्या वर्तुळात फिरतात त्यांना मात्र हा खर्च कशाला? स्वस्त छर्रे चालतील.

नागपूरच्या मे महिन्यात रायफलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवू नका: 30 अंशांवर 200 बार भरलेला 45 अंशांवर 210च्या घरात जातो. डबा खळखळ वाजवून बघायची सवयही सोडा, छर्र्याचा मागचा पातळ घेर त्यानेच चेपतो. चेपलेले छर्रे आधीच वेगळे काढा. आणि बोटांना लागलेली शिशाची काजळी साबणाने धुतल्याशिवाय तर्री-पोह्याच्या प्लेटला हात लावू नका.