चंदीगड की अहमदाबाद?

सोलापूरहून ल कार्बुझिए या फ्रेंच-स्विस वास्तुरचनाकाराचं काम पाहायला निघायचं, तर दोन वाटा. अख्खं शहरच आखून उभं केलेलं बघायचं असेल तर चंदीगड. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून पुढे. सेक्टरमागून सेक्टर, आणि सरकारी इमारतींच्या कॅपिटॉल संकुलात २६ मीटर उंच 'खुला हात' हे शिल्प. ओळखपत्र सोबत ठेवा.

हाताशी दोनच दिवस असतील तर अहमदाबाद, आणि मला तेच जास्त भिडलं. गिरणीमालक संघाच्या १९५४च्या इमारतीला पश्चिमेकडे काँक्रीटच्या तिरक्या उभ्या फळ्या आहेत. दुपारचं ऊन बाहेरच अडतं, वारा मात्र आत येतो. मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघालेल्या सोलापूरकराला त्याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. त्यात आपलंही गाव एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर जागं होणारं!