मीटरवर अकरा टक्के, आत तीस: लाइव्ह एज फळीत मला कसं फसवलं

लाइव्ह एज, म्हणजे झाडाची वाकडीतिकडी नैसर्गिक कड तशीच ठेवलेल्या फळीचं डायनिंग टेबल घरी करायचं ठरवलं असेल आणि फळी विकणारा त्याच्याच मीटरवर ओलावा मोजून दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. फळी, टेम्पो आणि रेझिन मिळून माझे अठरा हजारांच्या वर गेलेत.

जाहिरात ऑनलाइन पाहिली. पुण्याबाहेर हायवेलगत पत्र्याचं गोडाऊन, भिंतीला उभ्या केलेल्या सुंदर फळ्या. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं: ‘फुल सीझन्ड, भट्टीत सुकवलेली, मॉइश्चर 10–12, टेबलासाठी रेडी.’ लाकडाला तो ‘इंडियन वॉलनट’ म्हणत होता. अक्रोडाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, ती रस्त्याच्या कडेला वाढते ती रेनट्री, म्हणजे आपला पर्जन्यवृक्ष. ते मला दिसत होतं आणि चालणारही होतं, कारण रेनट्रीचा गाभा खरंच देखणा असतो. फसवणूक झाली ती ओलाव्यात.

दोन पिनांचं मीटर त्याने फळीला टोचलं, आकडा आला 11. मधोमध लावा म्हटलं तर, ‘ताई, फेस खराब होईल, डाग राहतात.’ पुन्हा टोकाजवळच टोचलं. या पिना लाकडात जेमतेम काही मिलिमीटर शिरतात. फळी उन्हात ठेवून वरून सँडर (घासायचं मशीन) मारला की पृष्ठभाग कोरडा लागतो, दोन इंच जाडीच्या पोटात काय चाललंय ते त्या मीटरला कळत नाही. नुसत्या हवेवर सुकवायचं तर एका इंचाला साधारण वर्ष, असा वखारवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे. ही फळी बहुधा त्याच पावसाळ्यात पडलेल्या झाडाची होती. साल घट्ट चिकटलेली होती आणि नखाने उचकटली की खालचा थर ओला लागायचा.

फळीच्या दोन्ही टोकांना जाड तपकिरी रंग होता. टोकाकडून लाकूड फार लवकर सुकून तडकू नये म्हणून मेण किंवा रंग लावतात, ती चांगलीच पद्धत आहे. इथे मात्र त्या रंगाखाली भेगा बुजवल्या होत्या, हे पुढे कळलं.

मापातही हात मारला. भाव साडेतीन हजार रुपये घनफूट. लांबी सहा फूट, जाडी दोन इंच आणि रुंदी त्याने सर्वात पसरट जागी धरली, 36 इंच. झाले तीन घनफूट, 10,500 रुपये. पण हीच फळी मध्ये 27 आणि दुसऱ्या टोकाला 30 इंच होती. तीन जागची सरासरी 31 इंच घेतली तर हिशोब नऊ हजारांच्या आसपास येतो. वर, ‘बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी लागेल’ म्हणून साध्या कागदावर ‘एस्टिमेट’ लिहून दिलं, आणि पैसे ज्या यूपीआय नंबरवर घेतले त्यावर नाव भलत्याचंच.

घरी आणल्यावर मधल्या नैसर्गिक चिरेत रेझिन (इपॉक्सी) ओतलं. कडेने बुडबुड्यांची माळच आली. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. पुढे लाकूड आक्रसलं तसं रेझिन एका बाजूने सुटलं, फटीत पोस्टकार्ड जाईल इतकं. मग फळीला बाक यायला लागला. आडवी लोखंडी पट्टी ठेवली की मध्ये करंगळी शिरायची. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडातून मैद्यासारखी भुकटी पडायला लागली, म्हणजे किडाही होता. नीट तापवलेल्या भट्टीतून तो जिवंत बाहेर पडत नाही. नंतर लागू शकतो, हे मान्य, पण इतक्या लगेच?

सपाट करायला मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी रंधा चार हात मारला आणि थांबले. ‘ताई, हात लावून बघा.’ सालपं कुरकुरीत वळून उडायच्या ऐवजी मऊ, गार, रंध्याच्या तोंडाशी चिकटलेली. टोकाचा रंग खरवडला तर आत भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा आणि त्यामागे वीतभर खोल तडा. तेवढा भाग कापावाच लागला. सहा माणसांचं टेबल तिथेच चौघांचं झालं.

त्या कापलेल्या भागामागची एक पातळ पट्टी मी किचनच्या वजनकाट्यावर ठेवली: 412 ग्रॅम. ओव्हन शंभरच्या थोडा वर ठेवून, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवली: 318 ग्रॅम. गेलेलं पाणी 94 ग्रॅम, भागिले कोरडं वजन, म्हणजे जवळपास तीस टक्के. घरातल्या फर्निचरला 8 ते 12 टक्के हवा. मीटर परवडत नसेल तरी ही चाचणी कुणालाही जमते. विक्रेत्याकडे त्याच फळीच्या आतल्या बाजूची पट्टी मागा, टोकाची नको. देत नसेल तर माल सोडून द्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका जुन्या वखारवाल्यांना मी नंतर हेच विचारलं, तर त्यांनी आधी टोकाचा रंग तासून दाखवला आणि मग ताज्या कापावर मीटर लावलं. न सांगता.

आमच्या विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘लाकूड आहे ताई, हलणारच. निसर्गाचा माल, गॅरंटी नसते.’ लाकूड हलतं हे खरंच आहे. सुकलेली फळीसुद्धा पावसाळ्यात फुगते, म्हणून तर लोखंडी पाय जोडताना स्क्रूची भोकं लांबट ठेवतात. पण हलणं वेगळं आणि ओलं लाकूड सुकलेलं म्हणून विकणं वेगळं. रेझिनचे फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘मॉइश्चर 10–12’ आणि यूपीआयची नोंद हाच माझा पुरावा, त्यामुळे चॅट डिलीट करू नका आणि फोनवर बोललेलंही नंतर मेसेजमध्ये लिहून पाठवा. बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. हेल्पलाइनवर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते.