अलंगहून आणलेला जहाजी दिवा: दहा महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात अलंगच्या, म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडतात त्या गावाच्या, रस्त्यावरून हा पितळी दिवा आणला. त्रापजच्या पुढे दुतर्फा जे 'खाडे' लागतात, म्हणजे तोडलेल्या जहाजांतलं सामान विकणारी दुकानं, त्यातल्या एकात तो वॉशबेसिनांच्या ढिगामागे पडला होता. ४,५०० पासून सुरुवात, २,८०० ला सौदा. पैसे मोजताना दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, आ तो पेला फ्रान्स जहाजनो छे." म्हणजे, हा तर त्या 'फ्रान्स' जहाजाचा आहे.

आमच्या बडोद्यात जुनं पितळ दिसलं की ते राजवाड्यातलंच असतं. तसंच हे. तरी मी भुललो, कारण जहाज खरंच तिथे आलं होतं. 'फ्रान्स' हे फ्रेंच प्रवासी जहाज १९६२ साली प्रवासाला लागलं, लांबी ३१६ मीटर. पुढे त्याचं 'नॉर्वे' झालं, २००३ मध्ये मायामीत बॉयलर फुटला आणि ऑगस्ट २००६ मध्ये 'ब्लू लेडी' या नावाने ते अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. त्यातल्या ॲस्बेस्टॉस या फुफ्फुसांना घातक तंतूवरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं ते हेच.

आधी दिव्याबद्दल. वजन चार किलोच्या आसपास. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची भिंत विटांची, चुन्यातली, त्यामुळे साधे स्क्रू टिकेनात. शेवटी आरपार बोल्ट घातले. होल्डर आट्यांचा आहे, आपला पिनचा बल्ब बसत नाही. आत सापडलेल्या जुन्या बल्बवर ११५ व्होल्ट लिहिलेलं होतं, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून आतली सगळी वायर बदलून अर्थिंग करून घेतलं आणि सात वॅटचा एलईडी लावला. काचेखालची रबरी रिंग दगडासारखी झाली होती. तिच्या जागी पाच लिटरच्या कुकरची रिंग थोडी कापून बसवली. आई बघतच राहिली! मागच्या गॅलरीत पावसाचा झोत थेट त्यावर येतो, पण अख्ख्या पावसाळ्यात आत थेंब नाही, किडा नाही. पितळ मात्र काळवंडतं. महिन्यातून एकदा पितांबरी लावावीच लागते. उजेड बेताचा, आणि जाळीची सावली भिंतीवर पडते. बायकोला ती आवडत नाही, मला आवडते.

एक चूक केली. दिव्यावरचा पांढरा रंग मी गच्चीवर बसून कोरड्या पॉलिश पेपरने घासला. जहाजांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉसही. ओलं करून, मास्क लावून काढायला हवं होतं.

पण त्या घासण्यामुळेच गोष्ट उलगडली. पांढऱ्याखाली फिकट हिरवा, त्याखाली लाल प्रायमर आणि बुडाशी नखाएवढी पट्टी. तिच्यावर जपानी अक्षरं, आणि जे.आय.एस.च्या पुढे एफ. जे.आय.एस. म्हणजे जपानचं औद्योगिक मानक, त्यातला एफ विभाग जहाजबांधणीचा. 'फ्रान्स' बांधलं सँ-नाझेरला, 'नॉर्वे' करताना बदल झाले जर्मनीत ब्रेमरहाफनला. फ्रेंच किंवा जर्मन पट्टी निघाली असती तर मी आशा धरली असती. जपानी मानकाचा दिवा मात्र एकाच मापाने असंख्य मालवाहू जहाजांवर लागतो, त्यामुळे त्यावरून जहाज ओळखता येत नाही. निदान रूडकी-मुरादाबादकडची नवी नक्कल तरी नाही निघाली.

ज्या वस्तूंचा माग खरंच लागतो, त्यांच्यामागे कागद असतो. 'टायटॅनिक'चं जुळं 'ऑलिंपिक' १९३५ मध्ये भंगारात निघालं तेव्हा त्याच्या सामानाचा रीतसर लिलाव झाला, म्हणूनच इंग्लंडमधल्या ॲनिकच्या व्हाइट स्वान हॉटेलातली लाकडी पॅनेलं त्याचीच, हे आज ठामपणे सांगता येतं. 'फ्रान्स'च्या नाकाचं टोकसुद्धा २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात विकलं गेलं. माझ्याकडे काय, तर दुकानदाराची हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'लाइट, पितळ, १ नंग'. फ्रान्सचं नावही नाही.

दिव्याबद्दल तक्रार नाही, या पैशात बाजारात असं जड पितळ मिळत नाही. आई पाहुण्यांना अजून फ्रान्सच्या जहाजाचा म्हणूनच दाखवते. जोडीला दुसरा हवाय, मार्चअखेर परत जाणार आहे. या वेळी खिशात स्क्रूड्रायव्हर नेणार, बूड तिथेच उघडून बघायला.