रसायनशास्त्राची उजळणी : मोबाइलवरचा गट की एका चटईवरची बैठक?

दिवाळी सरली की आमच्या भागातील सेकंड पीयूसीची (म्हणजे कर्नाटकातील बारावीची) मुले मला एक प्रश्न हमखास विचारतात. केमिस्ट्रीची उजळणी वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर करावी, की दोघातिघांनी एकत्र बसून करावी? दोन्ही करा, असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु जानेवारीनंतर प्रयोगवही, सराव परीक्षा आणि बसचा प्रवास यांतून जो वेळ उरतो, त्यात दोन्ही गोष्टी नीट होत नाहीत, एकीला झुकते माप द्यावेच लागते. मी स्वतः जूनपासून सराव परीक्षेपर्यंत पहिला मार्ग धरला आणि त्यानंतरचे दोन महिने दुसरा. मी यळ्ळूरच्या बाजूचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, पीयूसीला बेळगावात आलेला आणि आता बीएस्सीला रसायनशास्त्रच घेतलेला विद्यार्थी आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः अशाच वाटेने आलेल्या मुलांना लागू पडेल. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

मोबाइलवरच्या गटाचे पारडे हलके आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या गटात साठेक मुले होती आणि त्यांतले कोणी ना कोणी नेहमी जागे असे. कॅनिझारो अभिक्रिया कोणत्या आल्डिहाइडना लागू होते, असे रात्री साडेअकरा वाजता विचारले तरी ‘ज्यांना अल्फा हायड्रोजन नाही त्यांना, उदाहरणार्थ फॉर्मल्डिहाइड आणि बेन्झाल्डिहाइड’ हे उत्तर दोन मिनिटांत येई. ल्युकास चाचणीत कोणते अल्कोहोल लगेच गढूळपणा देते (तृतीयक), कोणते पाचएक मिनिटांनी (द्वितीयक) आणि कोणते खोलीच्या तापमानाला देतच नाही (प्राथमिक), अशी एका ओळीत मावणारी माहिती तेथे उत्तम मिळते. केसीईटीत, म्हणजे कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, रसायनशास्त्राच्या 60 प्रश्नांना 80 मिनिटे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेथे अशी चटकन आठवणारी माहितीच कामाला येते. शिवाय वर्गात हात वर करायला संकोचणारी मुले गटावर न घाबरता विचारतात. हा गुण लहान नाही, आणि माझ्याही पहिल्या सहा महिन्यांच्या शंका त्यामुळेच तोंडातून बाहेर पडल्या.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. गटावर फिरणाऱ्या टिपणांपैकी बरीच मोठ्या भावंडांच्या काळातली असतात. पीयूसीला लागू असलेल्या एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात आता दहाच घटक आहेत. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर हे धडे त्यातून गेले आहेत. पी-ब्लॉक मूलद्रव्यांचा धडाही बारावीच्या पुस्तकातून गेला, पण वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या अभ्यासक्रमात तो आहे, त्यामुळे नीट देणाऱ्यांनी तो टाकून चालणार नाही. आमच्या गटातील एका मुलीने सरफेस केमिस्ट्रीचे टिपण चार दिवस पाठ केले आणि मग तिला हे कळले. ते चार दिवस तिला परत मिळाले नाहीत.

पण गटापासून मी दूर झालो तो जुन्या टिपणांमुळे नव्हे. ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे : उत्तराखाली उमटणारा अंगठा. कोणी शंका विचारतो, कोणी वहीतल्या उत्तराचा फोटो टाकतो, विचारणारा त्याखाली अंगठ्याचे चिन्ह ठेवतो आणि विषय संपतो. त्या अंगठ्याचा अर्थ ‘समजले’ असा होतो, ‘पाहिले’ असाही होतो, ‘उत्तर दिल्याबद्दल आभार’ असाही होतो, आणि पुष्कळदा ‘अजून समजलेले नाही, पण पुन्हा विचारायला लाज वाटते’ असाही होतो. उत्तर देणाऱ्याला यातले नेमके काय ते कळायला मार्ग नाही. त्याहून वाईट म्हणजे अंगठा ठेवणाऱ्यालाही ते कळत नाही, कारण ते चिन्ह ठेवले की आपल्याला समजले आहे असे त्याचे त्यालाच वाटू लागते.

माझ्या बाबतीत हे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत घडले. मराठी माध्यमात आपण ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणून शिकलेलो असतो. विद्युत अपघटनापुरते हे शब्द चोख बसतात. सेकंड पीयूसीला डॅनियल घट (झिंक आणि तांब्याच्या पट्ट्यांचा, वीज देणारा घट) येतो आणि तेथे ॲनोड ऋण असतो, म्हणजे धनाग्र ऋण! मी गटावर विचारले, ‘ॲनोड धन की ऋण?’ एकाने डॅनियल घटाच्या आकृतीचा फोटो टाकला, त्यात ॲनोडवर वजा होते. मी अंगठा ठेवला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कोणाच्या तरी शंकेवर वितळलेल्या मिठाच्या विद्युत अपघटनाची आकृती आली, त्यात ॲनोडवर अधिक होते. मी त्याखालीही अंगठा ठेवला. दोन्ही फोटो बरोबर होते, दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी मनापासून दिली होती, आणि माझ्या डोक्यात मात्र पाठ केलेल्या दोन चिन्हांची अदलाबदल झाली होती. सराव परीक्षेत मी झिंकच्या पट्टीवर अधिक लिहिले, इलेक्ट्रॉन तांब्याकडून झिंककडे वाहवले आणि त्या प्रश्नाचे सगळे गुण गमावले.

त्यानंतर दोन मित्रांबरोबर बेळगावच्या शहापुरात एकाच्या घरच्या सोप्यात चटईवर बसणे सुरू झाले. पहिल्याच रविवारी मी त्यांना डॅनियल घट समजावून सांगत होतो. पाठकोऱ्या कागदावर झिंकची पट्टी काढली, तिच्यावर अधिकचे चिन्ह काढले, आणि शेजारच्याने माझा पेन धरला. ‘थांब, झिंकवर अधिक कशाला लिहिलास?’ मी म्हणालो, ॲनोड आहे म्हणून. त्यावर तो उत्तर न देता एवढेच म्हणाला, ‘इलेक्ट्रॉन कुठनं निघतात ते आधी सांग.’ मग मला ते माझ्या तोंडाने सांगावे लागले. झिंकचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात जातात, ते इलेक्ट्रॉन पट्टीवर राहतात म्हणून पट्टी ऋण; तेथे ऑक्सिडीकरण होते म्हणून तोच ॲनोड. विद्युत अपघटनात बाहेरची बॅटरी ॲनोडवरून इलेक्ट्रॉन ओढून घेते म्हणून तो धन. ऑक्सिडीकरण दोन्हीकडे ॲनोडवरच होते, बदलते ते फक्त चिन्ह. हे सारे पाच मिनिटांत झाले आणि त्यानंतर मला ती आकृती कधी पाठ करावी लागली नाही. गटावर ही चूक सहा महिने कोणाला दिसली नाही, कारण गटाला माझा प्रश्न दिसत होता, माझा पेन दिसत नव्हता.

समजावून सांगणाऱ्याचाही यात फायदा असतो, हे पुढच्या आठवड्यात लक्षात आले. नर्न्स्ट समीकरणावर (आयनांच्या संहतीवरून घटाचे विभव काढण्याच्या सूत्रावर) एक साधे उदाहरण होते : झिंक आयनांची संहती 0.1 मोलर, तांब्याच्या आयनांची 0.01 मोलर, प्रमाणित विभव 1.10 व्होल्ट. माझ्या मित्राचे उत्तर आले 1.13 आणि माझे 1.07. दोन्ही उत्तरे दिसायला सारखीच शहाणी. त्याने लॉगमधला अपूर्णांक उलटा घेतला होता, हे मी फोटो टाकूनही दाखवू शकलो असतो. पण तो समोर बसून ‘उलटा का नाही घ्यायचा?’ असे विचारत होता, म्हणून मला कारण शोधावे लागले : झिंक आयन हे या अभिक्रियेचे उत्पादित, ते तांब्याच्या आयनांच्या दहापट आहेत, उत्पादित आधीच जास्त असेल तर अभिक्रियेची पुढे जाण्याची ओढ कमी होणार, म्हणून विभव 1.10 च्या खालीच यायला हवे. गणित सोडवण्याआधीच उत्तर कोणत्या बाजूला येणार हे सांगता येते, ही गोष्ट मी स्वतः त्या दिवशी शिकलो. तोवर मी समीकरणात आकडे भरत होतो, इतकेच.

आमच्याकडच्या मुलांच्या बाबतीत भाषेचा मुद्दाही बैठकीच्या बाजूने जातो, असे मला वाटते. आपण विचार मराठीत करतो आणि पेपर इंग्रजीत लिहितो. आमच्यातला तिसरा मित्र कन्नड माध्यमातून आलेला होता. त्याची अडचण शब्दशः आमचीच होती. मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांत एका अक्षराचा फरक आहे आणि तापमानाने कोणती बदलते हा प्रश्न नेहमीचा. समोरासमोर बसल्यावर आधी आपल्या भाषेत बोलता येते, की एक मोजमाप लिटरभर द्रावणात आहे आणि दुसरे किलोभर द्रावकात. तापवले की द्रावण फुगते, किलो मात्र किलोच राहतो, म्हणून मोलॅलिटी बदलत नाही. आशय पक्का झाला की तिघांनी मिळून त्याचे एक इंग्रजी वाक्य तयार करायचे आणि प्रत्येकाने ते न बघता लिहायचे. सत्तर गुणांच्या लेखी परीक्षेत अशा वाक्यांनीच गुण मिळतात. मोबाइलवर कोणी एवढे टंकत बसत नाही. तेथे पुस्तकातल्या इंग्रजी वाक्याचा फोटो येतो आणि ते वाक्य परके ते परकेच राहते.

उरलेल्या तीस गुणांच्या प्रात्यक्षिकाबद्दल तर मला फारसा संशयच नाही. तोंडी प्रश्नांची तयारी तोंडानेच करावी. आमच्यातला एक जण परीक्षक होई आणि विचारे : परमँगनेटच्या अनुमापनात ऑक्झॅलिक आम्ल 60 ते 70 अंशांपर्यंत तापवतोस, मग मोहर सॉल्ट का तापवत नाहीस? उत्तर ठाऊक असले तरी पहिल्या वेळी ते अडखळतच बाहेर येते : ऑक्झॅलिक आम्लाची अभिक्रिया थंडपणी फार मंद असते, आणि मोहर सॉल्टमधले फेरस आयन तापवल्यास हवेनेच ऑक्सिडीकृत होऊ लागतात. लगोलग पुढचा प्रश्न येई : विरल सल्फ्युरिक आम्लच का, हायड्रोक्लोरिक का नाही? कारण परमँगनेट क्लोराइडचे क्लोरीन करते आणि ब्युरेटचे वाचन चुकते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक, म्हणून तेही नाही. हे अडखळणे परीक्षकासमोर होण्यापेक्षा मित्रासमोर झालेले बरे.

बैठकीत त्रास नाहीत असे मुळीच नाही. वेळ जुळत नाही. फेब्रुवारीत मसुराची काढणी आली की मला दोन रविवार शेतावर राहावे लागले आणि बाकीच्या दोघांचाही खोळंबा झाला. पहिला अर्धा तास गप्पांत जातो, तो जाणार हे धरूनच चालावे. तिघांच्या वर संख्या गेली की एक जण मास्तर होतो आणि उरलेले ऐकू लागतात. आम्ही चौथ्या मित्राला महिनाभर घेतले होते आणि त्याला फारसे काही मिळाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तिघेही एकाच धड्यात कच्चे असतील तर चुकीची गोष्टही एकमताने पक्की होऊ शकते. कोऑर्डिनेशन कंपाउंडमध्ये आमचे तसेच होत होते, शेवटी आम्ही ती शंका कॉलेजात सरांकडे नेली. तेव्हा प्रत्येकाचा एखादा तरी धडा चांगला असेल असे सोबती निवडावेत. सगळ्यांत हुशार मुलगाच हवा असे नाही, पेन धरून थांबवणारा हवा.

ज्याचे घर शहरात किंवा जवळच्या गावात आहे आणि ज्याला आठवड्यातून एकदा तीन तास काढता येतात, त्याने बैठक निवडावी, असे माझे नम्र मत आहे. गट सोडून देण्याची गरज नाही. मी तो आवाज बंद करून ठेवला होता आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका किंवा एका ओळीची शंका एवढ्यापुरताच उघडत होतो. ज्याचे सारे लक्ष नीटवर आहे, जेथे रसायनशास्त्राच्या 45 प्रश्नांत प्रत्येक चुकीमागे एक गुण जातो, त्याला गटावरच्या रोजच्या प्रश्नांचा उपयोग माझ्यापेक्षा अधिक होईल; तरी चुकलेला प्रश्न का चुकला, हे कोणाला तरी बोलून दाखवल्याशिवाय त्याने पुढे जाऊ नये.

राहिला प्रश्न लांबच्या मुलांचा. माझा एक वर्गमित्र जांबोटीहून येत असे. संध्याकाळची बस चुकली तर त्याची रात्र बेळगावात जाई, त्यामुळे रविवारची बैठक त्याच्यासाठी अशक्य होती. मार्चच्या तोंडावर त्याने माझ्याबरोबर एक वेगळाच प्रयोग केला. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत रचून तिच्यावर तो मोबाइल पालथा ठेवायचा, कॅमेऱ्याचा डोळा कडेबाहेर येऊन थेट वहीवर पडेल असा, आणि मला व्हिडिओ कॉल करायचा. मला त्याचा चेहरा दिसत नसे. दिसे ती वही, त्याची बोटे आणि पेन. तो आल्डॉल संघनन लिहीत जाई, मी गप्प बसे, आणि पेन थांबला की मी विचारी, ‘अल्फा कार्बन कुठला?’ नेटवर्क गेले की तो पुन्हा कॉल लावी आणि जेथे पेन थांबला होता तेथूनच आम्ही पुढे जात असू.