जलरंगांचा नवशिक्यांसाठीचा संच: नऊ महिन्यांनंतर, आणि त्या ३०० च्या आकड्याबद्दल

पहिल्या महिन्यात मी या संचाला चार तारे दिले होते. ते बदलतोय. किती करायचे ते लिहिता लिहिता ठरवतो, कारण डब्यातल्या सगळ्याच वस्तूंवर माझा सारखा राग नाही. २४ हाफ पॅन (म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्या), तीन ब्रश आणि १२ पानांचा पॅड ही यादी डब्यावर छापलेलीच आहे, ती परत उतरवत बसत नाही. माझं भांडण कागदाशी आहे. खरं तर त्याच कंपनीच्या, नंतर सुटा मागवलेल्या दुसऱ्या पॅडशी, आणि त्यापायी ग्राहकसेवेशी तीन आठवडे चाललेल्या पत्रव्यवहाराशी.

आधी रंग, कारण तिथे मला माझेच शब्द गिळायचे आहेत. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं की यातला अल्ट्रामरीन निळा बिघडलेला आहे, वाळल्यावर रवाळ दिसतो, दाणे दाणे खाली बसतात. आता ते वाचून लाज वाटते. अल्ट्रामरीन, म्हणजे वेष्टनावर पीबी २९ हा रंगद्रव्याचा कोड लिहिलेला, कुठल्याही कंपनीचा घ्या, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतातच. खडक आणि पावसाळी ढग रंगवणारे तो मुद्दाम त्यासाठी वापरतात. त्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळला की जे राखाडी मिळतं ते मिळाल्यापासून मी काळ्या पॅनला हात लावलेला नाही. तेव्हा निळ्याची माफी मागतो.

पण २४ हा आकडा मात्र सजावटीचा आहे. प्रत्येक पॅनवरचे कोड एकदा सवड काढून वाचले तर चार हिरव्यांपैकी तीन म्हणजे डब्यातल्याच निळ्या-पिवळ्यांची आयती मिश्रणं निघाली. नवशिक्याला वाटतं की आयती छटा म्हणजे सोय. होतं उलटंच. ज्या हिरव्यात आधीच दोन रंगद्रव्यं आहेत त्यात तुम्ही दोन रंगद्रव्यांचा तपकिरी घातलात की चार द्रव्यांचा चिखल तयार होतो, आणि तुम्हाला वाटत राहतं की मी तर फक्त दोनच रंग मिसळले. माझी पहिल्या दोन महिन्यांतली सगळी झाडं याच चिखलातली आहेत. आज माझे सहा पॅन खपतात. बाकीचे अठरा तसेच आहेत, आणि पैसे मोजलेल्या वस्तू पडून राहिलेल्या मला बघवत नाहीत, म्हणून अधूनमधून त्यातल्या एखाद्याला उगाच ओला करतो.

गुलाबीचं वेगळं सांगायला हवं. डब्यात सगळ्यात आधी नजरेत भरतो तो हाच, अगदी चमचमता. मी एका पट्टीवर सगळे रंग लावले, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि खिडकीच्या काचेला चिकटवून तीन महिने विसरलो. झाकण काढलं तेव्हा गुलाबीच्या उघड्या अर्ध्यावर फिकट चहाचा डाग म्हणावा एवढंच उरलं होतं. ही युक्ती मला सुचली म्हणून दोन दिवस खूश होतो. नंतर कळलं की रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो ते रीतसर तपासून १८८८ सालीच अहवाल दिला होता. असो. भिंतीवर लावायच्या चित्रात हा गुलाबी वापरू नका, वहीत खुशाल वापरा.

ब्रश ठीक. आठ नंबरचा गोल ब्रश सोडून बाकीचे दोन इतके बारीक आहेत की त्यांनी नवशिक्या पापण्या आणि गवताची पाती रंगवत बसतो आणि आकाश राहून जातं. आठ नंबर मी एकदा रात्रभर पाण्याच्या बाटलीत उभा विसरलो. टोक वाकडं झालं, दांड्याचं लाखेचं आवरण तडकलं. ही चूक माझी, कंपनीला बोल नाही. झाकणातल्या पॅलेटवर सुरुवातीला रंग पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखे थेंब होतात. थोडी टूथपेस्ट लावून बोटाने घासा, मग नीट तळं साचतं.

आता कागद.

पॅडवर मोठ्या अक्षरात छापलंय: ३०० जीएसएम. मीही सगळ्यांसारखाच त्या आकड्याला भुललो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस्स. मी खरंच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. ए४ आकाराचं पान चौरस मीटरचा सोळावा भाग असतं, म्हणजे एका पानाचं वजन पावणेएकोणीस ग्रॅमच्या आसपास यायला हवं. दहा पानं ठेवली, १८७ ग्रॅम भरली. कंपनी खोटं बोलत नाही! पण तो कागद कापसाचा आहे की लाकडाच्या लगद्याचा, आणि त्याला खळ कशी दिली आहे, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. जलरंगात तुमचं बरंवाईट ठरतं ते या दोन गोष्टींवर, आणि पॅडवर मोठ्या अक्षरात छापतात तिसरीच.

खळ, म्हणजे ज्याला इंग्रजी शब्द वापरून साइझिंग म्हणतात, ती नसेल तर कागद आणि टिपकागद यांत फरक नाही. तंतू मुळात तहानलेले असतात. जिलेटिन किंवा तसलंच काही लावून त्यांची तहान थोडी मारलेली असते, म्हणून पाणी वर थांबतं, म्हणून आपल्याला रंग हलवायला, मिसळायला, चुकलं तर ओल्या ब्रशने उचलायला वेळ मिळतो.

संचातल्या पहिल्या पॅडला ही खळ होती, पण जेमतेम. त्याचा त्रास कसा होतो पाहा. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, द्यायचा तर फळी थोडी तिरकी धरायची, वरून एक पट्टा ओढायचा, त्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची जी माळ जमते ती पुढच्या पट्ट्याने खाली घेऊन यायची. ती माळ जिवंत असेपर्यंतच पट्टे एकमेकांत मिसळतात. माझी माळ तिसऱ्या पट्ट्यापर्यंत वाळायची. मग मी घाबरून ब्रश पाण्यात बुडवून ओल्यात अजून पाणी घालायचो, आणि अर्धवट वाळलेल्या रंगात जास्तीचं पाणी गेलं की ते रंगाला बाहेर ढकलतं आणि कडेला फुलकोबीसारखी नक्षी उमटते. चार महिने माझ्या प्रत्येक आकाशात फुलकोबी होती. मुलीने एकदा विचारलं, "बाबा, हे ढग आहेत की भाजी?"

या चार महिन्यांत मी स्वतःला काय काय म्हणून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हात जड आहे, वय झालं, धीर नाही. यातलं काही खरंही होतं. कागदाची चमक बघायला मी शिकलो नव्हतो. पाण्याचा आरसा दिसतोय तोवर रंग कुठेही पळतो. नुसती मंद झिलई उरली की रंग पसरतो पण जागा सोडत नाही. झिलई गेली की थांबायचं, हात मागे बांधायचे. आणि वाळला असं वाटलं तरी बोटांची मागची बाजू टेकवून बघायचं, गार लागला तर आत ओल आहे. एवढं कळल्यावर फुलकोबी निम्म्यावर आली. निम्मी तशीच राहिली.

मग एका ओळखीच्या चित्रकार बाईंनी शंभर टक्के कापसाच्या कागदाचा एक पत्रावळीएवढा तुकडा दिला. मी तो आठ ठिकाणी कापला आणि महिनाभर कपाटात ठेवला, कारण असा कागद खराब करायची माझी लायकी नाही असं मला वाटत होतं. शेवटी एक तुकडा काढला. तेच पॅन, तोच वाकड्या टोकाचा ब्रश, तीच फळी. माळ शेवटच्या पट्ट्यापर्यंत टिकली. मधे मी उठून दार उघडून आलो, तरी टिकली. आनंद झाला म्हणायला हवं, पण खरं सांगतो, आधी चीड आली. चार महिने!

त्यावर बाईंना मी विचारलं की मग शिकणाऱ्याने महाग कागदावरच शिकायचं का? त्या म्हणाल्या, "रंग आठच घ्या, ब्रश एक घ्या, उरलेलं सगळं कागदाला घाला." मला हे पटलं, पण माझा हात खिशाकडे जाताना नेहमीच अडखळतो. म्हणून मधला मार्ग काढला: सरावाला याच कंपनीचा पॅड, बऱ्या चित्रांना कापसाचा कागद. पहिल्या पॅडच्या खोडी आता ओळखीच्या झाल्या होत्या, मी जरा भरभर काम करायला शिकलो होतो. म्हणून दुसरा पॅड मागवला. घोडं इथे पेंड खातं.

दुसऱ्या पॅडच्या पहिल्या पानावर पट्टा ओढला आणि ब्रश जिथे टेकला तिथेच रंग आत गेला. माळ जमलीच नाही. वर जागोजागी गडद ठिपके उमटले, जणू कागदाला देवी आल्या. रंग उचलायला गेलो तर उचलेना, आणि वाळल्यावर सगळं धुरकट, निर्जीव. चार महिन्यांपूर्वीचा मी असतो तर ब्रश ठेवून रडत बसलो असतो. या वेळी मी शांतपणे तीन कागद शेजारी ठेवले: कापसाचा, जुन्या पॅडचा उरलेला तुकडा, आणि हा. प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब सोडला. कापसावरचा थेंब भिंगासारखा उभा राहिला. जुन्यावरचा हळूहळू बसला. नव्यावरचा, मी "एक, दोन" म्हणेपर्यंत गायब, मागच्या बाजूला ओला डाग. खळ गेलेली होती. दमट जागी पडून राहिलेल्या किंवा जुन्या कागदाचं असं होतं. हे दोष माझे नाहीत हे मला पहिल्यांदाच ठामपणे सांगता आलं, त्यामुळे मी जरा उत्साहातच तक्रार लिहिली. सोबत तीन थेंबांचे फोटो.

पहिलं उत्तर: "सर, आपला अनुभव वाचून वाईट वाटले. कृपया कमी पाणी वापरून पाहावे." जलरंगांच्या कंपनीने हे सांगावं! मी कळवलं की कमी पाण्याचा प्रश्न नाही, कागदाची खळ गेली आहे. दुसरं उत्तर: कागद ३०० जीएसएमचा असून दर्जाची तपासणी झालेली आहे. मी काट्याचा फोटो पाठवला, वजनाबद्दल माझी तक्रार नाही असं लिहिलं. तिसरं उत्तर: पान वापरलेलं असल्यामुळे पॅड परत घेता येणार नाही. मी विचारलं, न भिजवता हा दोष दिसणार कसा? यावर आठवडाभर शांतता, मग बदली पॅड आला. हे मात्र मान्य करायला हवं, पाठवणावळ न घेता आला. मला इतकं बरं वाटलं की मी इथे तीन तारे करणार होतो.

पॅड उलटून पाहिला. मागच्या पुठ्ठ्यावरचा बॅच नंबर आधीच्या पॅडचाच. थेंब टाकला. एक, दोन.

तर सध्याची स्थिती अशी. रंगांना माझ्याकडून चार तारे, गुलाबी वजा जाता. ब्रशांना दोन. कागदाला एक, तोही काट्यावर खरा उतरला म्हणून. बिनखळीची तेवीस पानं मी टाकणार नाही. त्यांच्यावर पेनने रेखाटनं बरी होतात, रंगांचे तक्तेही. एका पानाला घरीच पातळ जिलेटिन लावून पाहिलं. थेंब थोडा वेळ थांबू लागला, पण ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे पट्टेही उमटले. दुसऱ्या पानाला स्पंजने लावणार आहे.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की संचातला पॅड हाती आला की चित्र काढण्याआधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा आणि आकडे मोजा. पाच-सहापर्यंतही टिकला नाही तर लगेच फोटो काढा, तारीख दिसेल असा.

ताजी खबर: बदली पॅडबद्दलही मी कळवलं. काल निरोप आला की या वेळी धोरणानुसार न वापरलेल्या, कोऱ्या पानावर दोष दिसेल असा फोटो पाठवावा. मी कोऱ्या पानाचा फोटो काढून पाठवला. आज सकाळी उत्तर आलं: "सर, फोटोमध्ये कोणताही दोष आढळत नाही."