१४ महिने घरात झाडं ठेवल्यावर आलेला अनुभव (इनडोअर प्लांट्स घेणाऱ्यांनी नक्की वाचा)

चौदा महिन्यांपूर्वी ११ झाडं एकदम आणली होती, त्यातली ४ गेली आणि कटिंगपासून केलेली धरून आज १९ आहेत. आणायच्या आधी महिनाभर फक्त फोटो बघत होते, सोफ्यामागे उंच मॉन्स्टेरा, टीव्हीच्या बाजूला स्नेक प्लांट, शेल्फवरून खाली सोडलेला मनी प्लांट, आणि सगळं डिट्टो तसंच मांडलं. पहिले दोन महिने घर इतकं सुंदर दिसत होतं की येणारा प्रत्येक जण विचारायचा. खरा अनुभव त्यानंतर सुरू झाला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजेड, बाकी सगळं नंतर. आपल्याला वाटतं की खोलीत छान उजेड आहे, कारण आपले डोळे अंधाराला पटकन सरावतात, झाडाचं तसं होत नाही. मी मोबाईलवर लाईट मीटरचं ॲप टाकून मोजलं तर खिडकीपासून हातभर अंतरावर दोन हजारच्या वर लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात जेमतेम ८०, म्हणजे एकाच खोलीत पंचवीस पट फरक, आणि मला बघताना तो कोपरा अजिबात अंधारा वाटत नव्हता! मॉन्स्टेरा तिथे चार महिने होता, मेला नाही, पण नवीन पानं आधीपेक्षा लहान यायला लागली, मॉन्स्टेराच्या पानांना असतात तसे काप त्यांना पडेनात, आणि देठ लांब लांब होऊन सगळं झाड खिडकीकडे झुकलं. खिडकीजवळ आणल्यावर पहिली दोन पानं साधीच आली, तिसरं आलं ते मात्र गुंडाळीतून सुटताना रोज सकाळी जाऊन बघायचे, पोपटी, ओलसर चमकणारं, आणि पूर्ण उलगडलं तेव्हा दोन्ही बाजूंना खोल काप. त्या दिवशी मी खरंच खूप खूश होते. तेव्हापासून आधी उजेड मोजते, मग झाड कुठे शोभेल ते बघते. 'लो लाईट प्लांट' लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ ते झाड कमी उजेडात तग धरतं एवढाच, वाढेल असा नाही.

आता स्नेक प्लांटचं सांगते, कारण याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. पिवळ्या किनारीचा घेतला होता, पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत, त्या कुंडीला खाली भोकच नव्हतं, आत प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवलेली. वरची माती कोरडी दिसली की पाणी घालत होते. तिसऱ्या महिन्यात एक पान जरा कलंडलं म्हणून सरळ करायला धरलं तर ते अख्खं हातात आलं, बुडाशी लिबलिबीत आणि कुजका वास. आतली कुंडी उचलली तर खाली दोन बोटं पाणी साठलेलं, मुळं काळी पडलेली. जे वरून इतकं टवटवीत दिसत होतं ते खालून कधीपासून सडत होतं कोण जाणे. त्यामुळे भोक नसलेली कुंडी शोभेला बाहेरून वापरायची तर पाणी घालताना आतली बाहेर काढा, पूर्ण निथळू द्या, मग परत ठेवा. आणि तळाला खडे घातले की झालं असं बरेच जण सांगतात, त्याने काही होत नाही, पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच धरून राहतं, भोक हवंच.

पाण्याचं वेळापत्रक मी बंद केलं. दर रविवारी पाणी हे झाडाला कळत नाही, थंडीत वाढ मंदावते तेव्हा तीच माती दुप्पट दिवस ओली राहते. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालायचं तेव्हा खालून बाहेर येईपर्यंत. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांटची तर पूर्ण कुंडी वाळू देते, झीझीच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात तो पाणी साठवतो. पीस लिली उलट, तहान लागली की सगळी पानं खाली टाकते, पाणी दिल्यावर दोन-चार तासांत परत उभी, पण मुळं कुजली तरीही ती अशीच माना टाकते, म्हणून आधी माती बघा. माती वरून वाळू द्यायला लागल्यापासून कुंडीभोवती उडणारी बारीक काळी चिलटंही गेली, त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरातच असतात. पिठ्या ढेकूण (पांढरी कापसासारखी कीड) एकदा मॉन्स्टेरावर आला होता, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढला, चार आठवडे चिकाटीने करावं लागलं.

हवा शुद्ध होते म्हणून घेत असाल तर थांबा. झाडं घरातली हवा शुद्ध करतात हे ज्याच्या आधारावर सांगतात, तो १९८९ चा नासाचा प्रयोग बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा हिशोब परत मांडला गेला तेव्हा असं निघालं की बाहेरच्या हवेच्या नेहमीच्या ये-जा इतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. खिडकी उघडा, झाडं डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा, ते कारण मला पुरेसं आहे. आणि घरात रांगणारं बाळ किंवा मांजर असेल तर मॉन्स्टेरा, मनी प्लांट, पीस लिली हाताला लागतील असे ठेवू नका, पान चावलं की तोंडाची भयंकर आग होते.

दिसण्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त समाधान मनी प्लांटने दिलं. शेंडे खुडत राहिलं की दाट होतो, खुडलेला तुकडा पेरासकट पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत मुळं, तेच परत त्याच कुंडीत लावायचे. एकेकटी झाडं चारी कोपऱ्यांत ठेवण्यापेक्षा खिडकीपाशी तीन-चार उंच-बुटकी एकत्र ठेवली तर घर जास्त भरलेलं दिसतं. पानं ओल्या फडक्याने पुसा, धुळीने अर्धी शोभा जाते.

त्या सडलेल्या स्नेक प्लांटची तीन पानं वरून चांगली होती, ती कापून दोन दिवस सावलीत सुकवली आणि कोकोपीट-परलाईटमध्ये (नारळाचा भुसा आणि पाणी निथळू देणारे हलके पांढरे खडे) खोचली. सहा महिने काहीही दिसलं नाही, टाकून द्यायचं मनात आलं होतं. मग एका पानाच्या बाजूने मातीतून टोक वर आलं. पिवळी किनार नाहीये त्याला, पानाच्या कटिंगपासून ती उतरत नाही, पूर्ण हिरवं आलंय. आता बोटभर उंच आहे, खिडकीतच ठेवलंय, भोकाच्या साध्या मातीच्या कुंडीत.