जुन्या गाडीतला पेट्रोलचा वास: आर-९ पाइप, नवा वॉशर आणि नऊ महिने

गाडी कार्बोरेटरवाली मारुती ८००, शहर ग्वाल्हेर. काम नोव्हेंबरात केलेले, आता ऑगस्ट चालू आहे. म्हणजे पहाटेची ५ अंशांखालची थंडी, ४५ च्या पुढचा उन्हाळा आणि पाऊस असे तिन्ही ऋतू या सामानावरून गेले. बदललेल्या वस्तू अशा: इंजिनाकडचे तिन्ही होज पाइप (जाणारा, परतीचा, बाष्पाचा) आर-९ दर्जाचे, पेट्रोल भरायच्या नळीचा जाड रबर, टाकीवरच्या फ्लोट युनिटचा (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या भागाचा) वॉशर, झाकण आणि सगळ्या क्लिपा. निकाल आधीच सांगायचा तर वास गेला, पण सगळे श्रेय महागड्या पाइपाला देता येत नाही. निम्मे श्रेय त्या चपट्या, कवडीमोलाच्या वॉशरचे.

आधी पाइपाबद्दल. पाइप कुठूनही ओला नाही, थेंब पडत नाही, तरी सकाळी दार उघडले की वास येतो. मेकॅनिक बोट फिरवून ‘लीक नाही’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. पेट्रोल रबरातून आरपार झिरपते. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात कार्बोरेटरसाठी चालणाऱ्या आर-७ पाइपाला दर चौरस मीटरमागे दिवसाला ५५० ग्रॅमपर्यंत झिरप चालते, आर-९ ला फक्त १५ ग्रॅम. आर-९ च्या आत फ्लुओरोरबराचा पातळ थर असतो, तो हा फरक पाडतो. जुन्या गाड्यांतले नायट्रिल रबर इथेनॉलने फुगते, मग वाळल्यावर कडक होऊन तडकते. आता पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी ‘ओरिजिनल’ म्हणून बसवलेला पाइपही भरवशाचा राहिलेला नाही.

ताडून पाहण्यासाठी परतीच्या नळीचा टाकीकडचा एक तुकडा मुद्दाम साध्या काळ्या पाइपाचा ठेवला होता, दुकानात मीटरवर कापून मिळतो तोच. मार्चपर्यंत काही नाही. मेमध्ये त्यावर कागदी रुमाल गुंडाळून रात्रभर ठेवला, तर सकाळी रुमालाला वास. जूनमध्ये वाकवून पाहिला, बाहेरच्या बाजूला केसासारख्या चिरा. आर-९ च्या तुकड्यांवर तोच रुमाल कोरा निघाला.

आर-९ चे दोष मात्र आहेत. भिंत जाड, वळण घेत नाही. जबरदस्तीने वाकवला तर मुडपतो आणि चढावर गाडी पेट्रोलसाठी तडफडते. वळणाच्या जागी जरा लांब तुकडा घेऊन मोठा बाक द्यावा लागतो. आतला थर पातळ असल्याने गंजक्या, खरबरीत नळीवर कोरडाच ढकलला की तो खरवडतो, पेट्रोल दोन थरांच्या मध्ये शिरते, आणि पैसे वाया. नळी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, इंजिन ऑइलचे बोट लावावे, पाइप निदान २५ मिमी आत जाऊ द्यावा आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवावी. माप अंदाजाने घेऊ नये. जुन्या कार्बोरेटर गाड्यांत ६ ते ८ मिमी चालते, पण नळीचा व्यास व्हर्नियरने मोजूनच पाइप घ्यावा. सैल पाइप क्लिप आवळून ‘बसवण्याची’ इथल्या गॅरेजांतली सवय हे निम्म्या गळत्यांचे मूळ आहे. खाचांची पट्टी असलेली साधी क्लिप रबराला कापते. कडा दुमडलेली, संपूर्ण गोल दाबणारी क्लिप घ्यावी. पंधरा दिवसांनी एकदा पाव फेरा आवळावे लागले, कारण नवे रबर दबते. जानेवारीच्या थंडीत पुन्हा तपासले, तेव्हा काही करावे लागले नाही.

बदलण्याआधी निदान. वास कुठून येतो हे नाकापेक्षा वेळ चांगली सांगते. नाक दोन मिनिटांत सरावते आणि मग सगळीकडेच वास येतो किंवा कुठेच येत नाही. म्हणून रात्रभर बंद गाडी सकाळी एकदाच, दार उघडायच्या आधी हुंगायची: झाकणापाशी, मागच्या चाकाच्या कमानीत, डिक्की किंचित उघडून, शेवटी बोनेट. टाकी पूर्ण भरल्यावर तीन-चार दिवस वास येतो आणि अर्ध्यावर आली की बंद होतो, तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला: फ्लोटचा वॉशर, भरायच्या नळीचा रबर, हवेची बारीक नळी. या गाडीत झाकण डावीकडे, म्हणून वेगात उजवे वळण घेतले की पेट्रोल डावीकडे आदळते. किल्ल्यावर उरवाई दरवाज्याकडून चढताना ते मागे सरकते. या दोन्ही वेळी वास उसळला तर इंजिनाकडे पाहायची गरजच नाही. टाकी रिकामी असो वा भरलेली, वास सारखाच राहिला तर पाइप, पंप, कार्बोरेटर.

ब्लोअरचा प्रयोग याहून सोपा. बाहेरची हवा घेतल्यावर वास वाढतो आणि आतलीच हवा फिरवल्यावर कमी होतो, तर वास बोनेटखालून काचेच्या बुडाशी येऊन आत जातो. बोनेटच्या मागच्या कडेची रबरपट्टी बहुतेक जुन्या गाड्यांत गायबच असते. उलट, आतली हवा फिरवल्यावर वास साचत असेल तर उगम मागे. डिक्कीचे बीडिंग तपासायला कागदाची पट्टी ठेवून डिक्की बंद करावी आणि पट्टी ओढावी. सहज सुटली तर सायलेन्सरचा धूरही तिथूनच आत येतो. मिश्रण जाड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असलेल्या गाडीत पुष्कळदा हाच प्रकार ‘पेट्रोल लीक’ म्हणून खपवला जातो.

ग्वाल्हेरच्या धुळीचा एवढा एक उपयोग की ती गळती दाखवते. पेट्रोल उडून जाते, पण जागेवर ओलसर काळी धूळ किंवा तांबूस चिकट डाग राहतो. कार्बोरेटरच्या खाली तो दिसला तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटची, पेट्रोल अडवणारी सुई आणि चेंबरचा गॅस्केट पाहावा. डिपस्टिक जरूर हुंगावी: तेलाची पातळी न ओतता वाढली आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल, तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला आहे. पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात उतरते, तेल पातळ होते आणि बेअरिंगे जातात. पंप बदलून तेल आणि फिल्टरही बदलावे लागतात. नुसता पंप बदलून पाठवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. सीएनजी किट लावलेल्या कार्बोरेटर गाडीत पंप आणि कार्बोरेटरमधला पेट्रोलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हा आणखी एक संशयित.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सच्या सवलतीत घेतलेल्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाड्या शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत अजून दिसतात, त्यांचे गणित वेगळे. तिथे दाब साधारण २.५ ते ३ बार, म्हणून बारीक गळतीही फवारा होते. गेज लावून इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरला तर इंजेक्टर, त्याची ओ-रिंग किंवा पंपातला व्हॉल्व्ह. प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आत पेट्रोल ओले दिसले तर पडदा गेला. टाकीच्या आतल्या पंपाला आर-९ लावू नये. बुडून राहणाऱ्या पाइपाला आर-१० लागतो, नाहीतर बाहेरचे रबर विरघळून जाळीत जाते.

वॉशर बदलताना मागच्या सीटखाली झाकण असेल तर काम अर्ध्या तासाचे, नसेल तर टाकी उतरवायची. टाकी पाव भागाहून कमी भरलेली, गाडी मोकळ्या हवेत, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. वायरवर लोंबणारा बल्ब नको, तो फुटला की भडका. पिटवर तर हे काम करूच नये, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते. वास घालवायला डॅशबोर्डवर उदबत्ती लावणारेही आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार. जुन्या वॉशरवर सिलिकॉनचा थर नको, पेट्रोलने तो सुटतो आणि गाळणीत अडकतो. जागा साफ करून नवा वॉशर कोरडाच बसवावा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. एका बाजूने आवळले की पत्र्याची कड उचलते.

पंपावर नोझल ‘टक्’ करून थांबल्यावर आणखी ‘राउंड’ रकमेचे भरू नये. २८ लिटरची टाकी २० अंशांनी तापली की पेट्रोल जवळपास अर्धा लिटर फुगते. त्याला जागा नसेल तर ते बाष्पाच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये (बाष्प शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात) जाते, कोळसा भिजतो आणि पुढे आठवडाभर वास.

नऊ महिन्यांनी काय उरले? मे महिन्यात भर दुपारी गाडी थांबवली की बोनेटखाली दहाएक मिनिटे वास येतो. कार्बोरेटर तापून पेट्रोल उकळते, ते पाइपाने थांबणार नाही. ज्या कार्बोरेटरला काचेची खिडकी आहे तिथे पातळी खुणेवर असेल तर तेवढे सोडून द्यावे. वास अर्ध्या तासानंतरही राहिला आणि स्टार्टर लांब मारावा लागला तर सुई बसत नाही. गालिच्याखालच्या नमद्यातला वास जायला मात्र तीन आठवडे लागले. नमदा काढून उन्हात टाकला तेव्हाच वास गेला. नव्या झाकणाचा रबर पावसाळ्यात किंचित फुगलाय, त्याची कड एका बाजूला उठते. येत्या नोव्हेंबरात तेवढा बदलायचा आहे.